मुलाकात बंद आहे

२०२०च्या जून महिन्याच्या अखेरीस मला एक आंतरदेशीय पत्र आलं. टपालखातं त्या दिवसांत कसंबसं चाललेलं होतं, त्यामुळे पत्रावरची तारीख आणि ते माझ्या हातात पडल्याची तारीख यांत महिन्याहून अधिक अंतर होतं. पत्र आमच्या जिल्ह्याच्या कारागृहातून आलेलं. टाळेबंदीच्या आधी तीन-साडेतीन वर्षं मी दर गुरुवारी तिथे लिहिण्यावाचण्याचा वर्ग घ्यायला जात असे. निवृत्त शिक्षकाकडे वेळ असतो, आणि कैद्याकडेही असतो, एवढाच तो योग. पत्र लिहिणारा पंचविशीतला कच्चा कैदी होता. अक्षर त्याने माझ्याच वर्गात गिरवलेलं, म्हणून ते मला ओळखता आलं. पत्रात तब्येतीची तक्रार नव्हती, जामिनाबद्दल विचारणा नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती. ‘सर, बॅरेकीतल्या टीव्हीवर मुंबई-पुण्याचा आकडा सांगतात. आमच्या गावचा कोणी सांगत नाही. आमच्या गावात किती झाले, ते कळवा. मुलाकात बंद आहे.’

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सवयीने मी मागे जाऊन शोधू लागलो, की साथ आली तेव्हा तुरुंगातली माणसं तग कशी धरत होती? तुरुंगांतल्या साथींबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं. मृतांचे आकडे असतात, डॉक्टरांचे अहवाल असतात, अधिकाऱ्यांची परिपत्रकं असतात. कैद्याच्या मनाची नोंद मात्र कुणी मुद्दाम ठेवलेली नसते. ती अहवालांच्या फटींतून वेचावी लागते. गेली काही वर्षं वेचलेलं इथे मांडतो आहे.

*

तुरुंग आणि साथ यांचं नातं इतकं जुनं आहे, की इंग्रजीत एका रोगाचं नावच मुळी तुरुंगावरून पडलं. त्याला आपण तुरुंगताप म्हणू. आजच्या वैद्यकाच्या भाषेत तो टायफस, उवांमधून पसरणारा. १५७७ साली ऑक्सफर्डमध्ये न्यायालयाचं सत्र भरलं असताना कैद्यांबरोबर हा ताप न्यायालयात शिरला आणि न्यायाधीश, पंच, बघे असे कित्येकजण दगावले. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेलीत तेच घडलं. त्यात शहराचा लॉर्ड मेयरही गेला. तुरुंगाच्या भिंती माणसाला अडवतात, रोगाला अडवत नाहीत, हे तेव्हा बाहेरच्यांना कळलं. आणि बाहेरच्यांना कळलं, तेव्हा कुठे आतल्यांचा विचार सुरू झाला.

तो विचार नेटाने पुढे नेणारा माणूस जॉन हॉवर्ड. इंग्लंडमधले तुरुंग स्वतः पायाखाली घालून त्याने १७७७ साली तुरुंगांच्या स्थितीवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. फाशीने जितके कैदी मरतात त्यापेक्षा तुरुंगतापाने जास्त मरतात, हे त्याचं निरीक्षण. मोकळी हवा, पाणी, स्वच्छता आणि रात्री प्रत्येकाला झोपायला वेगळी खोली, असे उपाय त्याने सुचवले. हॉवर्ड पुढे १७९० साली युक्रेनमधल्या खेरसोनजवळ तापानेच गेला.

त्याच्या उपायांतल्या वेगळ्या खोलीच्या कल्पनेला मात्र पुढच्या पिढ्यांनी भलतीकडे नेलं. रोग जसा संसर्गाने पसरतो तशी गुन्हेगारीही पसरते, तेव्हा कैद्याला कैद्यापासून दिवसरात्र तोडा, असं म्हणणाऱ्यांचं पारडं जड झालं. १८४२ साली लंडनमध्ये पेंटनव्हिल तुरुंग उघडला तो याच तत्त्वावर. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, बोलायची बंदी, फेऱ्या मारायला बाहेर काढलं तर चेहरा झाकणारी टोपी, प्रार्थनेलाही शेजारचा दिसणार नाही अशा फळ्यांच्या कप्प्यांत उभं करायचं. त्या तुरुंगातून वेड लागल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की एकान्ताचा काळ पुढे कमी करावा लागला. अंदमानचं सेल्युलर जेल याच विचाराच्या वंशातलं आहे, हे त्याच्या नावावरूनच कळतं.

हा जुना इतिहास सांगायचं कारण असं, की साथीत तुरुंगाधिकाऱ्याच्या हाताशी जे हत्यार असतं ते बहुतेक वेळा शिक्षेचंच हत्यार असतं. विलगीकरण आणि एकान्तकोठडी यांची भिंत एकच असते. कैद्याला आत ढकलताना कारण वेगळं सांगितलं जातं, एवढंच. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

*

आपल्याकडे या सगळ्याची कसोटी लागली ती प्लेगच्या काळात. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तोकड्या जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि हाफकिन तिथे पोचले. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली, उरलेल्यांना नाही. एकाच आवारात राहणारे, एकच अन्न खाणारे दोन गट तयार झाले. लस घेतलेल्यांत आजाराचं आणि मृत्यूचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा खूपच कमी राहिलं. लशींच्या इतिहासात या प्रयोगाला मानाचं स्थान आहे.

वैद्यकाचे इतिहासकार इथे थांबतात. मला त्या रांगेत उभ्या राहिलेल्या कैद्यांचा विचार सुटत नाही. तुरुंगातल्या माणसाच्या ‘स्वखुशी’ला किती अर्थ असतो, हा प्रश्न रास्तच आहे. शेजारचा माणूस गाठ येऊन तडफडताना पाहिलेल्या, पळून जाता न येणाऱ्या कैद्याची संमती आपण मोकळ्या माणसाच्या संमतीसारखी मोजू शकत नाही. पण दुसरी बाजूही आहे. तुरुंगात गेल्यापासून त्या माणसांना कधी उठायचं, काय खायचं, कुठे बसायचं हे सगळं दुसऱ्याने ठरवून दिलेलं होतं. त्या दिवशी कदाचित पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी ‘घेणार का?’ असं विचारलं. मोठ्या संख्येने कैदी दोन्ही बाजूंना राहिले, म्हणजे काहींनी हो म्हटलं आणि काहींना नाही म्हणता आलं. भीती कमी व्हायला लस किती कारणी लागली आणि आपण काही ठरवलं ही जाणीव किती कारणी लागली, हे आता मोजता येणार नाही. पण दुसरी गोष्ट शून्य होती, असं मला वाटत नाही.

त्याच वर्षी जुलैत टिळकांना अटक झाली. २२ जूनला पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि प्लेगच्या नावाखालच्या घरझडत्यांनी शहर आधीच धुमसत होतं. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जवळजवळ एक वर्ष ते आत होते आणि बाहेर मुंबई-पुण्यात प्लेगचे फेरे चालू होते. या काळात त्यांनी मन कशावर लावलं, ते त्यांनी स्वतःच पुढे आपल्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितलं आहे. मॅक्समुल्लरने ऋग्वेदाच्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत त्यांना तुरुंगात पाठवली आणि ती वाचायला रात्री काही तास दिवा ठेवण्याची परवानगी मिळाली.

रात्री काही तास दिवा. टिळकांचं तुरुंगातलं वाचन आपण त्यांच्या विद्वत्तेचा पुरावा म्हणून सांगतो. ते खरंच आहे. पण या वेळी प्रस्तावना पुन्हा वाचताना माझं लक्ष त्या दिव्याकडे गेलं. दिवसभराच्या सक्तमजुरीनंतर येणारी ती दोन-चार तासांची मुदत दिवसाला आकार देत असणार. उद्या रात्री पुढची ऋचा आहे, ही खात्री घरच्या बातमीची वाट पाहणाऱ्या माणसाला फार मोठा आधार असते. आता हेही लक्षात ठेवलं पाहिजे, की त्याच भिंतींआड शेकडो साधे कैदी होते. त्यांना मॅक्समुल्लर पुस्तक पाठवणार नव्हता, आणि दिवाही मिळणार नव्हता. त्यांनी रात्री कशा काढल्या, ते कुठल्याच प्रस्तावनेत नाही.

*

साध्या कैद्यांची थोडीफार नोंद मला सापडली ती पार अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात. तिथला डॉक्टर लिओ स्टॅनली याने १९१८च्या इन्फ्लुएन्झाचा तपशीलवार अहवाल १९१९ साली प्रसिद्ध केला. त्या वर्षाच्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या तुरुंगातून एक आजारी कैदी तिथे आला. तो रविवार होता. नवा माणूस सगळ्यांत मिसळला, सगळ्यांबरोबर जेवला. सुमारे १९०० कैद्यांपैकी ५००हून अधिक आजारी पडले. शंभरेक जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, तिघे गेले. बाकी बहुतेकांनी आजार अंगावरच काढला.

स्टॅनलीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. नवे रुग्ण मंगळवारी आणि बुधवारी एकदम वाढत. कारण काय, तर रविवारी कैद्यांना चित्रपट दाखवला जाई. हजारभर माणसं एका बंदिस्त जागेत दाटीने बसत, आणि दीड-दोन दिवसांनी ताप चढे. पुढच्या लाटेत अर्थातच हा खेळ बंद झाला. वैद्यकदृष्ट्या यात चूक काहीच नाही. पण आठवड्यातल्या सात दिवसांपैकी ज्या एका दिवसाची माणसं वाट पाहत होती, नेमका तोच दिवस रोगाचा निघाला. ज्या गोष्टीने मन तरतं तीच शरीराला धोक्याची ठरते, हा साथीच्या काळातल्या तुरुंगाचा खरा पेच आहे. भेट, गर्दीतलं गाणं, एकत्र जेवण, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून केलेली विचारपूस, सगळं त्यात आलं.

(हाच स्टॅनली त्याच तुरुंगात, त्याच सुमारास, फाशी गेलेल्या कैद्यांच्या ग्रंथी जिवंत कैद्यांच्या शरीरात बसवण्याचे प्रयोग करत होता, हेही सांगायला हवं. बारकाईने नोंद ठेवणारा माणूस माणुसकीने वागेलच असं नसतं.)

एकशे दोन वर्षांनी, २०२०च्या मेअखेरीस, याच सॅन क्वेंटिनमध्ये चिनो इथल्या तुरुंगातून १२०हून अधिक कैदी बसमधून आणले गेले. चिनोत करोना पसरला होता; तिथून धोका असलेल्या कैद्यांना हलवावं, असा हेतू होता. पण कित्येकांच्या चाचण्या आठवड्यांपूर्वीच्या होत्या. तोवर सॅन क्वेंटिनमधल्या कैद्यांत करोना नव्हता. उन्हाळा संपेपर्यंत २२००हून अधिक कैद्यांना लागण झाली. २८ कैदी आणि एक कर्मचारी मरण पावले. १९१८चा अहवाल त्याच राज्यात, त्याच तुरुंगाबद्दल लिहिलेला होता. तो कोणी वाचला असता तर, असा प्रश्न इतिहासाच्या माणसाला पडतोच.

या वेळी आत काय चाललं होतं ते अधिक कळतं, कारण बाहेरून पाहणी करायला गेलेल्या डॉक्टरांनी जूनमध्येच ते लिहून ठेवलं. कैदी लक्षणं लपवत होते. कारण आजारी असल्याचं सांगितलं, तर ज्या कोठड्या एरवी शिक्षेसाठी वापरल्या जातात तिथे हलवतील, आपलं सामान जाईल, फोन जाईल, शेजारी जाईल, ही धास्ती होती. पेंटनव्हिलची ती जुनी भिंत इथे पुन्हा उभी राहते. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ सालच्या मंडेला नियमांनुसार, पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ माणसाला सलग एकान्तात ठेवणं निषिद्ध आहे. करोनाचं विलगीकरण चौदा दिवसांचं होतं. मर्यादा पाळली गेली तरी ती किती काठावरची होती, हे यावरून दिसतं.

*

भेट तोडली की काय होतं, याचं उत्तर २०२०च्या मार्चमध्ये जगभरातून एकदमच आलं. इटलीत ८ मार्चच्या सुमारास कुटुंबीयांच्या भेटी थांबवल्या आणि अनेक तुरुंगांत दंगली उसळल्या. तेरा कैदी मेले, त्यांतले नऊ एकट्या मोडेनाच्या तुरुंगातले. त्यांतले बहुतेक दवाखाना फोडून हाती लागलेल्या औषधांच्या अतिसेवनाने गेले. २१ मार्चला बोगोटाच्या ला मोडेलो तुरुंगात २३ जण मारले गेले. त्याच दिवशी कोलकात्याच्या दमदम मध्यवर्ती कारागृहातही भेटी आणि न्यायालयाच्या तारखा बंद झाल्यावरून उद्रेक झाला. तीन खंड, तीन भाषा. तोवर या तुरुंगांत साथ नीट पोचलीही नव्हती. त्या माणसांना पेटवलं ते अनिश्चिततेने: घरचे कसे आहेत ते कळत नाही, आपली तारीख कधी लागेल ते कळत नाही, आणि हे सगळं किती दिवस चालेल तेही कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रात २३ मार्चच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उच्चाधिकार समिती नेमली गेली आणि ११ मेला तिने राज्यातल्या सुमारे ३५ हजार कैद्यांपैकी निम्मे तात्पुरते सोडायचं ठरवलं. त्याच्या काही दिवस आधी मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात एकाच वेळी ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित सापडले होते. ८०४ जणांची क्षमता असलेल्या त्या तुरुंगात अडीच हजारांहून अधिक माणसं होती. अंतर ठेवा म्हणजे काय करा, असा प्रश्न तिथे होता. काही कारागृहांची दारं आतून-बाहेरून बंद केली गेली आणि कर्मचारीही आतच राहिले. त्यांच्याही मुलाकाती बंद झाल्या, असं म्हणायला हरकत नाही.

या दिवसांत कैद्यांनी तग कशावर धरला? जेवढं वाचलं, ऐकलं त्यावरून तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली, काम. शिवणविभागातले कैदी मास्क शिवू लागले. शिक्षेचा भाग म्हणून वर्षानुवर्षं केलेलं काम एकाएकी बाहेरच्या जगाला लागणारं झालं. दुसरी, आवाज. यथावकाश फोन आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. कित्येकांनी आपलं घर आतून कित्येक वर्षांनी पाहिलं ते त्या पडद्यावर. तिसरी, दुसऱ्याची काळजी घेणं. तळोजा कारागृहात ठेवलेले फादर स्टॅन स्वामी ऐंशी ओलांडलेले होते, कंपवातामुळे त्यांना पेलाही धरवत नसे. सहकैदी आपल्याला जेवायला आणि आंघोळीला मदत करतात, असं त्यांनी पत्रातून कळवलं होतं. ५ जुलै २०२१ला मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. अंतर राखण्याच्या त्या काळात घास भरवायला एका हाताने जवळ जावंच लागत होतं. भरवणाऱ्यालाही त्यातून काहीतरी मिळत असणार, अशी माझी समजूत आहे.

आणि एक चौथी गोष्ट आहे, तिने मला चक्रावून टाकलं. २०२१च्या दुसऱ्या लाटेत उत्तर प्रदेशातल्या काही कैद्यांनी पॅरोल नको म्हणून लेखी कळवलं. बाहेर काम नाही, खायला मिळेल याची खात्री नाही, आणि रजेचे दिवस शिक्षेत धरले जाणार नाहीत. त्यापेक्षा इथे बरं. तुरुंगाची ही वाखाणणी नाही. दोन्हीकडची अनिश्चितता तोलून त्यांनी कमी असलेली निवडली, इतकंच. भायखळ्याच्या रांगेतल्या कैद्यांसारखंच त्यांनाही कोणीतरी विचारलं होतं, आणि त्यांनी उत्तर दिलं.

१८९७ ते २०२१ या सगळ्या नोंदी एकत्र ठेवल्या, की मला एकच गोष्ट दिसते. साथीत कैद्याला लागणारी औषधं दोन प्रकारची असतात. शरीराची औषधं डॉक्टर देतो. मनाची औषधं म्हणजे ठरलेला दिवसक्रम, हाताला काम, घरची बातमी आणि ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारं कोणीतरी. पहिल्या प्रकारची औषधं देताना दुसऱ्या प्रकारची काढून घेतली जातात, आणि काढून घेताना त्यांची नोंदही होत नाही. भेट बंद करावी लागली तर ती बंद केल्याच्याच दिवशी तिच्या जागी काय देणार, ते ठरलेलं असलं पाहिजे. फोन महिनाभराने येऊन चालत नाही.

*

आता त्या पत्राबद्दल. त्याच्या गावच्या शाळेत माझा एक जुना विद्यार्थी शिक्षक होता. त्याला फोन केला. गावात तोवर चार रुग्ण निघाले होते, चौघेही बरे होऊन घरी आले होते. मुलाची आई ठीक होती. तिने निरोप दिला की शेळी व्याली आहे आणि पाऊस वेळेवर झाला. मी हे सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं. चार हा आकडा ठळक काढला.

ऑगस्टच्या शेवटी त्याचं दुसरं पत्र आलं. माझं पत्र त्याने बॅरेकीत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शेळीचा भाग दोनदा वाचायला लावला म्हणे. पत्राच्या मागच्या बाजूला, घडीच्या वरही अक्षरं जातील इतकं दाटीने, त्याने अकरा गावांची नावं लिहिली होती. नाव, तालुका आणि कंसात कोणाचं गाव ते. काही नावांची अक्षरं वेगळी होती. ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी स्वतः लिहिलेली दिसत होती.

मी महिनाभर फोन करत होतो. ग्रामसेवक, शाळामास्तर, आशाताई, दूधसंघाचा सचिव, जो सापडेल तो. नऊ गावांचे आकडे मिळाले, ते कळवले. दोन गावांत ओळखीचं कोणी निघालं नाही. त्या दोन नावांपुढे काय लिहावं, ते मला बराच वेळ सुचेना. शेवटी ‘अजून चौकशी चालू आहे’ असं लिहिलं, आणि ती खरोखरच चालू ठेवली.